किरकिर

आमच्या फियाटच्या वेगदर्शकाने प्रथम तोंड उघडले ते 2006 च्या हिवाळ्यात. सकाळच्या गारठ्यात गाडी कुर्डुवाडीबाहेर पडून ताशी तीस किलोमीटरांवर आली, की काचेमागे रातकिडा जागा झाल्यासारखा वाटे. चाळिसाला त्याची किंकाळी होई आणि काटा थरथर कापू लागे. इंग्रजी काव्य शिकवणाऱ्याचे कान नाजूक असतात, असा तेव्हा माझा समज होता. एके दिवशी मी गाडी रस्त्याकडेला उभी केली, मीटरच्या पाठीमागे हात घातला, खवल्यांची चाकी पिळली आणि केबल सोडवून टाकली. किरकिर थांबली. अर्थात काटाही शून्यावर निजला, आणि त्याच्या खालचे किलोमीटर मोजणारे आकडेही जागच्या जागी थिजले.

वडील शेजारी बसले होते. "अरे, ते तेल मागतंय," एवढेच ते म्हणाले. "रविवारी पाहू," असे मी म्हटले. तो रविवार उगवायला सतरा वर्षे लागली.

ते ज्यांना म्हणाले त्यांची मला आज लाज वाटते. वडील येथल्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअराने 1897 मध्ये अडीच फुटी रुळांवर बार्शी लाइट रेल्वे चालू केली. ती पुढे पंढरपूर, लातूर व मिरजेपर्यंत पोहोचली, आणि तिच्या इंजिनांची दुखणी आमच्या गावी निघू लागली. त्या कारखान्यातली माणसे बेअरिंग कोरडे पडले आहे की नाही हे लांबूनच कानाने ओळखत. मोटारही परकी नव्हे. ती 1970 ची. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये स्थापलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. हे वालचंद सोलापूरचे, आणि त्यांच्या ठेकेदारीचा श्रीगणेशा झाला तो याच बार्शी लाइनीच्या कामावर! अशा गावात, अशा गाडीत, अशा माणसाच्या शेजारी बसून मी यंत्राचे तोंड बांधले.

वडिलांची एक वही होती. पेट्रोल भरले की तारीख आणि मीटरचा आकडा तीत उतरायचा. तिसरा शब्द नाही. केबल सुटल्यावर वही आपोआप मिटली. पुढे 2008 मध्ये त्यांना सोलापूरच्या दवाखान्यात न्यावे लागे. जाऊन-येऊन एकशेसाठ किलोमीटर, अशा अकरा खेपा झाल्या. बाराव्या खेपेची वेळ आली नाही. त्या सतराशेसाठ किलोमीटरांची नोंद वहीत नाही आणि यंत्रातही नाही.

त्यानंतर गाडी बहुधा छपराखालीच असे. 2024 च्या जानेवारीत मी ती दुरुस्त करायला घेतली. वही काढून पाहिली: शेवटचा आकडा 71,438. काचेमागेही तोच.

केबल म्हणजे वेष्टणाच्या आत फिरणारी पिळाची तार. ती बाहेर काढली तेव्हा राखेसारखी कोरडी होती. रॉकेलने धुतली, टेबलावर लोळवून कोठे मुडपली आहे का ते पाहिले, आणि मग नवशिक्याच्या उदारपणाने ग्रीस फासले. येथेच चुकलो. फिरत्या तारेच्या पिळांतून ग्रीस वर चढते, हे मला ठाऊक नव्हते. पहिल्या फेरीत किंकाळी होतीच. शिवाय परतताना गाडी थांबली तरी काटा चाळिसावरच चिकटून राहिला.

शेवटी मीटर उतरवून एका वृद्ध घड्याळजीकडे नेला. त्याने काच उघडली आणि मी प्रथमच आतला संसार पाहिला. तार एक चुंबक फिरवते. चुंबकावर ॲल्युमिनियमची हलकी वाटी पालथी असते, तिलाच काटा. दोहोंचा स्पर्श कोठेही नाही! चुंबक फिरला की वाटीत विजेचे भोवरे उठतात व ती त्याच्यामागे ओढली जाते. केसासारखी स्प्रिंग तिला मागे खेचते. फिरत्या तबकडीमागे चुंबकसूची वळते हे फ्रान्सच्या आरागोने 1824 च्या सुमारास पाहिले होते. ओटो शुल्त्स या जर्मनाने 1902 मध्ये त्यावर वेगदर्शकाचे पेटंट घेतले. शर्यतीच्या जुन्या मोटारींत इंजिनाचे फेरे दाखवणारी तबकडी असे, तिचेही आतडे कधी कधी हेच, आणि मग तिची किरकिरही हीच.

किरकिर होती ती चुंबकाच्या आसाखालच्या पितळी बुशात. घड्याळजीने वाटीवर चढलेले माझे ग्रीस कापसाने टिपले, बुशाच्या बारीक भोकातली धूळ काढली आणि सुईच्या टोकावरून तेलाचा थेंब सोडला. मग आणखी अर्धा. वरची चार बोटे तार कोरडी ठेवायची, अशी ताकीद दिली.

बिल देताना मी त्याला त्या अकरा खेपांचे सांगितले. तो सहजपणे म्हणाला, "साहेब, ड्रिलला जोडून सतराशेसाठ पुढे करून देतो. अर्ध्या दिवसाचं काम आहे." मी बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिलो. मग नको म्हटले.

टेंभुर्णीच्या रस्त्यावर चाळीस झाले, पन्नास झाले. आवाज नव्हता. घरी आल्यावर वही उघडली, वडिलांच्या शेवटच्या आकड्याखाली दोन ओळी कोऱ्या सोडल्या आणि तारीख घालून लिहिले: 71,463.