कलंडलेला पंख

कऱ्हाडजवळची धावपट्टी १९५५ साली कोयना प्रकल्पाच्या सोयीसाठी बांधली गेली. पुढे तेथे वैमानिक प्रशिक्षणाची लहान विमानेही दिसू लागली. आपल्या विद्यालयाची तासगाव तालुक्यातील एक माजी विद्यार्थिनी असेच प्रशिक्षण घेऊ लागली, तेव्हा द्राक्षबागेत मजुरी करणाऱ्या तिच्या आईने मला विचारले, "सर, विमान हवेत कलंडलं तर पोरीनं करायचं काय?" उत्तर मुलीनेच सुट्टीत आम्हां दोघांना समजावून दिले.

समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा होणारा कोन साधारण १५-१६ अंशांपलीकडे गेला, की पंखावरचा हवेचा प्रवाह विस्कटतो आणि उचल एकाएकी घटते. हाच स्टॉल, इंजिन चालू असतानाही तो होतो. त्या क्षणी डावा पंख खाली गेला, तर हात आपोआप दांडी उजवीकडे नेतो. डाव्या पंखाच्या टोकाकडील झडप, म्हणजे एलेरॉन, त्यामुळे खाली वळते. एरवी पंख याने वर येतो. स्टॉलच्या काठावर मात्र त्या टोकाचा कोन आणखी वाढतो, उचल मिळत नाही, हवेचा अडथळा वाढतो आणि विमान डावीकडेच गरगरत कोसळू शकते. म्हणून आधी दांडी पुढे करून कोन कमी करायचा, एलेरॉन मध्यावर ठेवायचे आणि उजव्या पायाने रडर दाबून नाकाचे डावीकडे वळणे थांबवायचे. रडरही बेतानेच, अती दाबला तर विमान उलट बाजूला गरगरेल. उचल परत आल्यावरच पंख समतल करायचे. उतरण्यापूर्वीच्या शेवटच्या वळणावर हे चुकले, तर सावरायला उंचीच उरत नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी या ज्ञानाचा माग काढला. २५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडमध्ये लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क यांचे विमान असेच गरगरू लागले. गरगरण्याच्या दिशेने दिलेला रडर निरुपयोगी ठरताच त्यांनी तो उलट दाबला आणि विमान जमिनीलगत सावरले. त्यांनी काय केले, याची नोंद झाली. १९१७ साली भौतिकशास्त्रज्ञ फ्रेडरिक लिंडमन यांनी फार्नबरो येथे स्वतः विमान गरगरवून त्यामागील कारणे तपासली. एकाचे वाचणे असे सर्वांचे शास्त्र झाले.

पालकहो, मुलांच्या धाडसाला आपण आशीर्वाद देतो. त्यासोबत त्यांना सराव करू द्या, प्रश्न विचारू द्या. संकटात हात सवयीने चालतो. ती सवय ज्ञानाने घडलेली असावी, एवढेच शिक्षणाचे काम आहे.