न विचारलेला गडी

स्पर्धा कशाची लावावी याला माणसाने कधीच धरबंध ठेवलेला नाही. बैल पळवून झाले, कोंबडे झुंजवून झाले, पतंग काटून झाले; लग्नाच्या पंक्तीत पैजेने जिलब्या खाणारे वीरही आपण सर्वांनी पाहिले आहेत. परंतु स्वस्थ बसण्याचीही स्पर्धा लागू शकते, हे मात्र खर्डीच्या एका तळ्याकाठी अठरा माणसे गळ टाकून बसलेली पाहीपर्यंत मला कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो. त्या अठरांपैकी एक मीच होतो, हे येथे आधीच सांगून टाकलेले बरे.

गळ हा एकांतप्रिय माणसाचा छंद. ज्याला चारचौघांत बोलवत नाही, किंवा बोलून बोलून ज्याचा जीव विटला आहे, तो पाण्याशी जाऊन बसतो. त्याच्या हातातली काठी हे एक निमित्त असते. काहीही न करता तळ्याकाठी चार तास बसणाऱ्यास लोक वेडा म्हणतात. काठी घेऊन बसणाऱ्यास हौशी म्हणतात. एवढ्या अब्रूसाठी काठी बाळगणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांत मीही मोडतो. अशा माणसाच्या शेजारी दुसरा गडी, मनगटावर घड्याळ आणि शेवटी तराजू आणून ठेवला म्हणजे त्याचे काय होते, हे पाहण्याचे कुतूहल मला तेथे घेऊन गेले.

हा छंद साहेबाने आणला असे आपण समजतो. वॉल्टनचा प्रसिद्ध ग्रंथ 1653 सालचा. पण त्याच्या पाचशे वर्षे आधी, बाराव्या शतकात, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ रचला आणि त्यात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरणच घातले. मासे कोणते, त्यांना चारावे काय, धरावे कसे, याचा त्यात विचार आहे. (हे कल्याण आपल्या लोकलगाडीचे नव्हे, बिदरकडचे.) तात्पर्य, पाण्यावर दृष्टी लावून बसण्याची विद्या आपल्याकडे पुरातन आहे. आधुनिक काळात मुंबईकर हौशांचे माहेर म्हणजे पवईचे तळे. 1891 साली ते पिण्याच्या पाण्यासाठी बांधले. पाणी पिण्याजोगे निघाले नाही, म्हणून गळवाल्यांचे फावले. शहराचा असा एखादा तोटाच कुणाच्या तरी सुखाचे कारण होतो.

खर्डीच्या तळ्याची गोष्ट याहून साधी. खासगी मालकीचे, आंब्यांच्या सावलीतले, दोन एकरांचे पाणी. त्यात रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस सोडलेले. ‘सोडलेले’ हा शब्द महत्त्वाचा आहे. रोहू-कटल्याची जात वाहत्या, पुराच्या पाण्यात अंडी घालणारी. बांधलेल्या तळ्यात ती पोसते, पण वंश वाढवीत नाही. पूर्वी तिचे बीज नद्यांतून गोळा करून आणावे लागे. 1957 सालच्या 10 जुलैस डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्याच मस्तकातील ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांकडून अंडी घालविली, आणि तेव्हापासून बोटाएवढी पिले हवी तितकी मिळू लागली. आज गावोगावच्या तळ्यांत जो रोहू उडी मारतो, तो बहुधा त्या प्रयोगाचाच वंशज असतो.

माघातली थंडी होती. पहाटेच्या कसारा गाडीने उतरून आम्ही तळ्यावर पोहोचलो तेव्हा पाण्यावर वाफ तरंगत होती. चिठ्ठ्या काढून जागा ठरल्या. माझ्या वाट्यास अकरावी जागा आली. शेजारी बाराव्या जागेवर रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्ड. त्यांनी डबा उघडला. त्यात भाजलेले बेसन, शेंगदाण्याची पेंड आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली गांडुळे इतकी नीटनेटकी लावलेली होती की, एखाद्या वैद्याची औषधपेटीच वाटावी. सात वाजता शिटी झाली आणि अठरा तरंग्या पाण्यावर पडल्या.

नियम थोडे होते. गळाचा उलटा काटा घासून काढलेला असावा. धरलेला मासा पाण्यातच ठेवलेल्या जाळीच्या पिशवीत राखावा. दुपारी एक वाजता सर्वांचे वजन करून मासे पुन्हा तळ्यात सोडावेत. बोलण्यास बंदी नव्हती, पण कोणी बोलत नव्हते. त्याला कारणही आहे. या कुळातील माशांच्या पोटातील वायूची पिशवी हाडांच्या बारीक साखळीने कानाशी जोडलेली असते. त्यामुळे काठावर जोराने आपटलेले पाऊलसुद्धा त्यांना कळते. त्यांच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. आमिष ते ओठांनी ओढून घेतात, चाचपतात, आणि संशय आला की थुंकून टाकतात. तरंगी किंचित थरथरते, ती याच चाचपणीने. तो अर्धा क्षण साधला तर मासा आपला. नाहीतर त्याचा तो.

पहिला तास मी पाण्याकडे पाहिले. दुसऱ्या तासापासून मी गार्डसाहेबांच्या पिशवीकडे पाहू लागलो. स्पर्धेचा हा पहिला परिणाम. एरवी एखादा मासा लागला की तो किती, कोणता, कसा झुंजला, हे मला वर्षानुवर्षे आठवते. मुरबाडकडच्या एका डोहात लागलेली मरळ मी आजही ओळखीन. त्या दिवशी मात्र नऊ मासे लागले आणि त्यांतला एकही मला आठवत नाही. आठवतो तो सात किलो तीनशे ग्रॅम हा आकडा. गार्डसाहेबांचा आकडा होता सात किलो आठशे पन्नास. ते दुसरे आले, मी तिसरा. मला एक पितळी तांब्या मिळाला.

वजनाच्या वेळी शेजारच्या पाड्यावरची एक म्हातारी शेळ्या घेऊन काठावर उभी होती. तिने तराजू पाहिला, बादलीतून पुन्हा तळ्यात सरकणारे मासे पाहिले, आणि जवळ मी होतो म्हणून मलाच विचारले, ‘‘सोडायचा व्हता, तर धरलास कशाला बाबा?’’

मी म्हटले, ‘‘आजी, खेळ आहे हा.’’

‘‘माशाला ठाव हाय का?’’ असे म्हणून ती शेळ्यांमागे निघून गेली. तिच्या स्वरात टोमणा नव्हता. तिला खरोखरच माहिती हवी होती.

या प्रश्नाला उत्तरे आहेत, आणि आमच्या मंडळींनी परतीच्या गाडीत ती दिलीही. गळाला उलटा काटा नव्हता, हात ओले करूनच मासा धरला, म्हणजे अंगावरचा चिकट थर, जे त्याचे चिलखत, ते शाबूत राहिले. खाणारा जीव घेतो, आम्ही तर जीवदान दिले. हे सर्व खरे आहे. तरीही म्हातारीचा प्रश्न त्याच्या बाजूने निघून जातो. खो-खोत जो पळतो त्याला आपण खेळतो आहोत हे ठाऊक असते. म्हणून त्याची धाप हा खेळ. मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो, असे आपण म्हणतो, तेव्हा मांजर क्रूर आहे एवढेच म्हणायचे नसते. दोघांपैकी एकच खेळतो आहे, हे म्हणायचे असते. पहिल्या पावसात वलगणीचे मासे ओढ्याने वर चढतात, तेव्हा या भागातले लोक पाण्यात उतरून ते धरतात. तेथे माशाचा जीव आणि माणसाची भूक समोरासमोर उभी असतात. मध्ये तराजू नसतो आणि उदारपणाचा आवही नसतो. त्या व्यवहारापेक्षा आमचा व्यवहार अधिक सभ्य आहे, असे मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही.

खर्डीसारख्या ठिकाणी तर हा प्रश्न माशापाशी थांबत नाही. याच शहापूर तालुक्यात 1892 साली तानसा बांधला गेला, पुढे भातसाचे प्रचंड धरण झाले. ते भरत असताना, 1983 साली, खर्डीच्या परिसरात भूकंपाचे धक्के बसले. पाण्याच्या भाराने जमीनही हलते, हे येथल्या लोकांनी अंगावर अनुभवले. मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा वाटा भातसातून जातो, आणि याच तालुक्यातील कित्येक पाड्यांनी वर्षानुवर्षे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली आहे. शहरे आपापसांत वाढण्याची स्पर्धा करतात; कोणाची लोकसंख्या किती, कोणाचे मनोरे किती उंच, याची मापे होतात. त्या खेळात ज्यांची दरी पाण्याखाली गेली, त्यांना तुम्ही गडी आहात असे कोणी विचारले होते काय? मी स्वतः मुंबईत नळ सोडतो तेव्हा त्याच पाण्याने बक्षिसाचा तांब्या भरतो, हेही मला विसरता येत नाही.

एवढ्यावरून मी काठी मोडून टाकली, असे मात्र कोणी समजू नये. एवढा विरक्त मी नाही, आणि रोहूचे कालवण मला फार आवडते. फक्त पुढल्या वर्षीचे निमंत्रण आले तेव्हा मी चालकांना एक सूचना लिहून पाठविली: वेळ तीन तासांवर आणावी, प्रत्येकाने एकच मासा घ्यावा आणि तो घरी नेऊन शिजवावा, उरलेला वेळ पाण्याकडे पाहत बसावे, आणि तराजू आणूच नये. त्यावर अद्याप उत्तर आलेले नाही. बहुधा त्यांना प्रश्न पडला असावा की, मग पहिला नंबर कोणाचा?

तो प्रश्न मलाही सोडविता येत नाही. पण दोन प्रश्नांपैकी आधी कोणता सोडवावा, याविषयी माझ्या मनात आता संशय उरलेला नाही.