पान कोण खातं?

म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात घराला घर लागून आहे. अंगण असलंच तर मागच्या दाराशी दोन हात जागा, नाहीतर गच्चीवरच्या कुंड्या. तेवढ्यातही गाणारे पक्षी येतात, पण त्यासाठी झाड पारखून घ्यावं लागतं.

रोप घेताना लोक फुलाचा रंग विचारतात. मी विचारतो, याचं पान कोण खातं? शिंजीर मध पितो, बुलबुल फळं खातो. मात्र कोवळ्या पिल्लांच्या चोचीत दोघंही किडे, कोळी, अळ्या भरवतात. तिकडच्या अमेरिकेतल्या चिकडी या चिमुकल्या पक्ष्याची एक वीण वाढायला ६,००० ते ९,००० अळ्या लागतात, असं अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ डग टॅलमी सांगतात. ज्या पानाला कधी भोक पडत नाही, त्या झाडावर पिल्लांसाठी काही नसतं.

म्हणून माझी पहिली निवड कढीपत्ता. हे आपल्याच मातीतलं झाड मोठ्या कुंडीतही तग धरतं. पानांवर काळी फुलपाखरं अंडी घालतात. त्यांच्या लहान अळ्या हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात. पांढऱ्या फुलांवर मधमाश्या येतात आणि पावसाळ्यात फळं काळी झाली की बुलबुल व कोकीळ. पानं भरपूर यावीत म्हणून बरेच जण तुरे खुडतात. निदान एका फांदीचे तरी राखावेत.

दुसरी कोरांटी. तिच्या पानांवरही फुलपाखरांच्या अळ्या वाढतात आणि पावसाळा सरल्यावर ती फुलते. जमीन असेल तर धायटी लावावी. उन्हाळ्याच्या तोंडी तिच्या लाल फुलांवर शिंजीर हमखास येतो.

पक्षी येतात एवढ्यावरून झाड चांगलं ठरत नाही. घाणेरीची फळं बुलबुल आवडीनं खातो. मूळची अमेरिकेतली ही घाणेरी शोभेसाठी आणली गेली आणि पक्ष्यांनी तिचं बी रानोमाळ नेलं. आज बंडीपूरच्या जंगलात तिची जाळीच जाळी आहे, आणि तिच्याखाली गवत उगवत नाही. आपल्या कुंडीतलं बी कुठे पडेल, हे पक्षी ठरवतो. कोणतं बी त्याच्या चोचीत जाईल, हे मात्र आपल्या हाती असतं.

तेव्हा यंदा पावसाच्या तोंडी एक कढीपत्ता लावा. औषध फवारू नका, कोपऱ्यातली कोळिष्टकं राहू द्या; शिंजीर त्यांच्याच धाग्यांनी घरटं बांधतो. अळीनं खाल्लेलं पान दिसलं, तर झाड योग्य निवडलं असं समजा.