आधीं साक्ष, मग निकाल

गेल्या पावसाळ्यांत आम्ही पुण्याहून साताऱ्यास जात असतां खंबाटकी घाटांत आमची मोटार अकस्मात् बंद पडली. मातोश्री बरोबर होत्या; अंधार पडूं लागला होता. अर्ध्या तासानें इंजिन पुन्हां सुरू झालें, परंतु आमचा राग निवाला नाहीं. आठ दिवसांपूर्वीं ज्या मिस्त्रीनें गाडी तपासली होती त्यानेंच लबाडी केली, असें आम्हीं ठरविलें. व परत येतांच चार लोकांदेखत त्यास नाहीं नाहीं तें बोललों.

तो वृद्ध गृहस्थ एवढेंच म्हणाला, "साहेब, रागवा, पण आधीं गाडी पाहूं द्या." मग त्यानें इंजिनांतून अंगठ्याएवढा एक काळा तुकडा काढला. तोच हॉल सेन्सर!

सन १८७९ मध्यें अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें एडविन हॉल या विद्यार्थ्यानें सोन्याच्या पातळ वर्खांतून विद्युत्प्रवाह सोडला व तो वर्ख चुंबकाच्या ध्रुवांमध्यें धरला. तेव्हां प्रवाहाच्या आडव्या दिशेस अल्पसा विद्युद्दाब उत्पन्न झाला. चुंबक वाहत्या विद्युत्कणांस एका बाजूस लोटतो, हें त्याचें कारण. इलेक्ट्रॉनचा शोध लागण्यास त्या वेळीं अजून १८ वर्षें अवकाश होता!

मोटारींत सोन्याऐवजीं अर्धवाहकाची चकती असते. क्रँकशाफ्टच्या चाकाचा दांत तिच्यासमोरून गेला कीं चुंबकीय क्षेत्र बदलतें, आणि त्याबरोबर विद्युद्दाबहि. चाकावर एके ठिकाणीं मुद्दाम दांत गाळलेला असतो. त्या रिकाम्या जागेवरून फेरा कोठून मोजावयाचा तें गाडींतील संगणकास कळतें, व तो नेमक्या क्षणीं ठिणगी पाडवितो. मिनिटास ३००० फेरे असतां एका अंशास सेकंदाचा केवळ अठरा हजारावा भाग मिळतो. इशारा थांबला कीं ठिणगी थांबते, व इंजिनहि.

मिस्त्रीनें त्या तुकड्यावर गरम हवेचा झोत सोडतांच मापकावरील इशारा नाहींसा झाला. तो निवतांच परत आला. घाटांत काय घडलें तें आम्हांस उमगलें. ज्या चार लोकांदेखत आम्ही बोललों होतों, त्यांच्यादेखतच आम्हीं त्याची क्षमा मागितली.

विद्यार्थिमित्रहो, तो चिमुकला तुकडा दांत समोर आल्यावांचून कधींहि साक्ष देत नाहीं. आम्हीं मात्र साक्षीवांचून निकाल दिला होता.