झडती झाली, पण कागद कुठे आहे?

गरिबाच्या घरात सोनेनाणे नसते, पण एक पत्र्याची पेटी असते. तिच्यात रेशनकार्ड, शाळा सोडल्याचे दाखले, जातीचा दाखला, घरपट्टीच्या पावत्या आणि एखाद्या मयत माणसाची पगाराची चिठ्ठी जपून ठेवलेली असते. परक्या हाताने ही पेटी उघडली, कागद जमिनीवर पसरले, की घरातल्या माणसांना चारचौघांत उघडे पडल्यासारखे वाटते. म्हणून झडती हा विषय फक्त वकिलांचा नाही. तो तुमच्या आमच्या चुलीजवळचा विषय आहे.

आपला हा पट्टा कामगारांचा. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित राहिले आणि १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी, नंतर एमआयडीसी, पुढे उल्हासनगरात जीन्स शिवण्याचे कारखाने. मराठवाडा, विदर्भ, खानदेश सोडून आलेली माणसे वालधुनीच्या काठाने, रेल्वेच्या बाजूने वस्त्या करून राहिली. कुठे चोरी झाली, की संशयाचे पहिले बोट वस्तीकडे वळते, हा इथला जुना अनुभव.

आमच्या घरी २०२३ सालच्या पावसाळ्यात झडती झाली. एका कंपनीतून तांब्याची तार गेली होती. आमचा धाकटा तिथे ठेकेदाराकडे बिजागऱ्या, पत्रे, फिटिंगचे काम करायचा. रात्री दीडच्या सुमारास दार वाजले. चार पोलीस होते, त्यांत बाई एकही नव्हती. घरात आमची म्हातारी आई, सून आणि दोन लहान मुली झोपलेल्या. "उठा, बाजूला व्हा," एवढेच सांगितले. पेटी उपसली, गाद्या उलथल्या, पिठाचा डबासुद्धा पाहिला. तार सापडली नाही. जाताना धाकट्याला सोबत नेले, आणि त्याचा मोबाईल व ड्रिल मशीनही नेले. आई म्हणाली, "साहेब, मशीन त्याची रोजी आहे, काहीतरी लिहून द्या." साहेब म्हणाले, "सकाळी ठाण्यावर या."

सकाळी आम्ही गेलो. दुपारी धाकट्याला सोडले. खरा चोर दुसरीकडे सापडला होता. पण मशीनचे विचारले तर उत्तर मिळाले, "मशीन? असे काही आणलेच नाही." आता सिद्ध कसे करायचे? शेजारी सगळे जागे होते, पण पंच म्हणून कोणाला बोलावलेच नव्हते. यादी नव्हती, पंचनामा नव्हता. धाकटा महिनाभर दुसऱ्याचे मशीन भाड्याने घेऊन कामावर गेला. ओळखीच्या एका वकीलताईंनी आमच्याकडून पोलीस उपायुक्तांकडे अर्ज करवला, नंतर न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर अर्ज दिला. न्यायालयाने ठाण्याकडून अहवाल मागवल्यावर मोबाईल मुद्देमालात असल्याचे निघाले. चार महिन्यांनी हमीपत्रावर तो परत मिळाला. मशीन मिळाले नाही, ते आजपर्यंत नाही. साडेचार हजार रुपयांची वस्तू, पण आमच्या घरात तो दोन आठवड्यांचा किराणा होता.

त्या चार महिन्यांत वकीलताईंनी आम्हाला जे समजावले, ते इथे लिहितो, कारण ते प्रत्येक घरात माहीत असायला हवे.

आमच्या वेळी फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ लागू होती. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, पण झडतीचा गाभा तोच आहे. झडतीपूर्वी त्या भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून बोलवायचे. तिथे कोणी मिळत नसेल किंवा तयार नसेल, तर दुसऱ्या भागातले. घरमालकाला किंवा घरात राहणाऱ्याला झडतीच्या वेळी हजर राहू द्यायचे. जप्त केलेल्या प्रत्येक वस्तूची यादी करायची, तिच्यावर पंचांच्या सह्या घ्यायच्या आणि यादीची प्रत घरच्या माणसाला द्यायची. हे सगळे नव्या कायद्याच्या कलम १०३ मध्ये आहे. बाईची अंगझडती घ्यायची असेल तर ती बाईनेच, तिची अब्रू राखून घ्यायची.

वॉरंट नसताना झडती घेता येते का? येते, पण मोकाट नाही. तपास अधिकाऱ्याने आपल्याला असे का वाटते आणि काय शोधायचे आहे, हे आधी लिहून ठेवले पाहिजे. त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे गेली पाहिजे, आणि घरच्या माणसाने अर्ज केला तर ती त्याला फुकट मिळते. हे कलम १८५. नव्या कायद्याने एक भर घातली आहे : झडती, जप्ती, यादी आणि सह्या या सर्वांचे ध्वनिचित्रण करायचे, शक्यतो मोबाईलवर, आणि ते विलंब न लावता न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे. हे कलम १०५. आमच्या घरी असे चित्रण झाले असते, तर मशीन कोणाच्या हातात होते हे आपोआप दिसले असते.

पंच व्हायला आपली माणसे घाबरतात. "कोर्टाच्या चकरा कोण मारणार?" पण झडतीच्या पंचाला न्यायालयाने खास बोलावल्याशिवाय साक्षीला जावे लागत नाही. उलट लेखी बोलावणे आल्यावर सबळ कारण नसताना नकार देणे हा गुन्हा आहे. शिवाय आपण पुढे झालो नाही, तर ठाण्याच्या दारात नेहमी बसलेला माणूसच पंच म्हणून येतो. मात्र कोऱ्या कागदावर सही करू नये, आणि डोळ्यांनी पाहिले तेवढ्याचीच सही करावी.

आता एक कडू गोष्ट. झडतीत कायदा मोडला, तरी सापडलेला पुरावा आपोआप बाद होत नाही. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने पूरणमल खटल्यात तसे सांगितले आहे. असे का, हे शोधायला गेलो तर वाट थेट बाबासाहेबांपर्यंत जाते. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात त्यांनी माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि वस्तू यांना अकारण झडती-जप्तीपासून संरक्षण मागितले होते. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत मध्यप्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करिमुद्दीन यांनी तशीच दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखवली. त्यांचे म्हणणे असे की, ही तरतूद फौजदारी कायद्यात आहेच, पण उद्याचे एखादे विधिमंडळ ती काढून टाकू शकेल, म्हणून ती त्याच्या हाताबाहेर, घटनेत ठेवावी. मतदान पुढे ढकलले गेले आणि काही दिवसांनी दुरुस्ती फेटाळली गेली.

बाबासाहेब तिथे थांबले नाहीत. सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी आजच्या कलम २२ ची तरतूद आणली : अटकेचे कारण सांगा, वकील भेटू द्या, चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करा. घराचा उंबरठा मात्र घटनेत शब्दाने आला नाही. १९५४ साली आठ न्यायमूर्तींनी याच उणिवेवर बोट ठेवून खासगीपणाचा हक्क नाकारला. तो घटनात्मक हक्क आहे असे नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला.

कोणी म्हणेल, चोराला पकडायचेच नाही का? पकडायलाच हवे. पोलीसही आपल्याच वस्त्यांतली मुले आहेत, भरतीसाठी पहाटे मैदानावर धावलेली. बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये चिमुकल्या मुलींवरच्या अत्याचाराची नोंद घ्यायला उशीर झाला, तेव्हा २० ऑगस्टला लोक रुळावर बसले, ते पोलिसांनी काम करावे म्हणूनच. पण २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीतच पोलिसाच्या गोळीने मेला. त्याच्यावरचा खटला चाललाच नाही. ज्या आयांना न्यायालयाच्या तोंडून गुन्हा सिद्ध झाल्याचे ऐकायचे होते, त्यांना ते ऐकायला मिळाले नाही. नियम मोडून केलेले काम पीडितांचेही नुकसान करते, ते असे.

परभणीला डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, नंतर बंदला हिंसक वळण लागले आणि आपल्या वस्त्यांत पोलिसांची धरपकड झाली. त्यात अटक झालेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. असे काही घडले की आपण मोर्चा काढतो, तो काढावाच. पण मोर्चाआधी त्या रात्री दारात काय करायचे, हेही ठरलेले असावे.

आमच्या वस्तीत आम्ही ते ठरवले आहे. पोलीस आले तर अडवायचे नाही, आरडाओरडा करायचा नाही. अधिकाऱ्याचे नाव आणि ठाणे विचारायचे. शेजारच्या दोन जाणत्या माणसांना, त्यात एक बाई, लगेच हाक मारायची. काय नेले ते घरातल्या शिकलेल्या मुलीने तिथेच वहीत तारीख-वेळ घालून लिहायचे. यादीची प्रत मागायची. दिली नाही तर दुसऱ्याच दिवशी उपायुक्तांना लेखी अर्ज करायचा आणि पोच घ्यायची. रविवारी महिला मंडळाच्या बैठकीत हे वाचून दाखवले, तेव्हा सत्तरीच्या एका मावशींनी विचारले, "आणि त्यांनी नाहीच ऐकले तर?"

त्यांना आम्ही म्हणालो, मावशी, नाही ऐकले तरी आपण मागितले होते, हे दोन माणसांनी पाहिलेले असेल आणि वहीत लिहिलेले असेल. न्यायालयात बोलायला आपल्याकडे तेवढे तरी हवे. आमच्याकडे तेवढेही नव्हते.