पात्यावरची अक्षरं

आमच्या घरी खंडेनवमीला विळा, कोयता, पहार, कुदळ यांच्या रांगेत एक संगीनही मांडली जायची. आजोबा आदल्या रात्री तेलाच्या फडक्यानं ती पुसून ठेवत. सकाळी तिला हळद-कुंकू लागे, झेंडू वाहिला जाई. ती पणजोबांची, सरकारनं बसऱ्याहून पाठवलेली, एवढंच आम्हा मुलांना माहीत होतं. पणजोबा पहिल्या महायुद्धात पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेले. तिथल्या कुत शहराच्या वेढ्यात अडकले, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाल्यावर तुर्कांच्या कैदेत गेले आणि परतले नाहीत. आजोबा तेव्हा रांगत होते.

मी कॉलेजात एनसीसीला गेले तेव्हा थ्री-नॉट-थ्री रायफल पहिल्यांदा हातात आली. नळीच्या तोंडाखाली, लाकडाच्या टोकाला बसवलेल्या लोखंडी टोपीवर एक ठेंगणा खुंटा होता. घरच्या संगिनीच्या मुठीपाशी जे गोल कडं होतं ते कशात अडकतं, हे त्या दिवशी उमगलं. कडं खुंट्यावर, मुठीच्या टोकातली खाच खालच्या पट्टीवर, आणि कळ दाबल्याशिवाय सुटायची नाही. संगिनीचा भार टोपीवर येतो, नळी मोकळी राहते. ज्या कुणी हे योजलं त्याच्याविषयी मला आजही आदर वाटतो.

सुट्टीत गावी आले आणि आमच्या आळीतल्या निवृत्त हवालदारकाकांकडे संगीन घेऊन गेले. ते पलटणीत आर्मरर होते, शस्त्रं दुरुस्त करण्यात त्यांची नोकरी गेली होती. त्यांनी ती उन्हाकडे धरली आणि पहिलं वाक्य बोलले, "हिला कापलीय."

मग त्यांनी शिकवलं. ही १९०७ ची पॅटर्न. ब्रिटिशांनी ली-एनफिल्ड, म्हणजे तीच थ्री-नॉट-थ्री रायफल आखूड केली आणि समोरच्या लांब रायफलींपुढे आपल्या शिपायाची पोच कमी पडेल अशी त्यांना धास्ती पडली. म्हणून रशियाशी लढून आलेल्या जपान्यांच्या लांब संगिनीचा नमुना समोर ठेवून १७ इंचांचं पातं केलं. आरंभी मुठीपाशी आडव्या गजाला खाली वळलेला आकडाही होता, शत्रूचं पातं अडवायला. तो १९१३ मध्ये बंद झाला आणि कित्येक जुन्या संगिनींचे आकडे कापून टाकले गेले. आकडेवाली संगीन आता संग्राहकांना महाग पडते, म्हणून साध्या गजाला आकडा जोडून विकणारेही आहेत. तिथं बोट फिरवून जोड शोधावा, हे काकांनी तेव्हाच बजावलं. १९१६ पासून मुठीच्या टोकाला एक बारीक आरपार भोक आलं, खाचेत साठलेली माती निघून जावी म्हणून. आमच्या संगिनीला ते होतं.

पात्याला दोन्ही अंगांनी पन्हळ असते. मूळ पात्यावर ती टोकाच्या बरीच अलीकडे संपते. आमच्या पात्यावर ती जवळजवळ अणीपर्यंत पोचली होती. पातं भरलं १२ इंच. लांब पातं मोटारीत, खंदकात, जंगलात अडचणीचं होतं, म्हणून दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात जुनी पाती कापून १२ इंचांची केली गेली. नवीन केलेल्या आखूड संगिनींतल्या काहींना तर पन्हळच नव्हती.

सगळ्यात महत्त्वाचा भाग मुठीलगतचा, जिथं धार नसते. पुसट झालेली अक्षरं काकांनी भिंगाखाली वाचली. वर राजमुकुट, त्याखाली जी आर, म्हणजे पाचवा जॉर्ज. कलकत्त्याजवळच्या इशापूरच्या कारखान्यात घडलेली असती, तर जी आर आय असतं. मग १९०७, हे पॅटर्नचं साल; पुष्कळजण तेच बनावटीचं साल धरून बसतात. बनावटीचा महिना आणि वर्ष निराळे असतात: ५ आणि १७. मग कारखाना, विल्किन्सन. पाठीमागच्या बाजूला तपासनिसांचे शिक्के आणि पातं वाकवून पाहिल्याची फुली.

मे १९१७. म्हणजे पणजोबा कैदेत गेल्यावर वर्षानं ही घडली. आणि ती कापली गेली त्या काळात सरकारच्याच ताब्यात होती. ती बसऱ्याहून आमच्या घरी आलेली असणं शक्यच नव्हतं.

आजोबा तोवर गेले होते. मी आत्याला विचारलं. तिनं जराही आश्चर्य न दाखवता सांगितलं, "दादांनी पुण्याच्या जुन्या बाजारातनं आणली ती. सरकारी कागद आला, पेन्शन आली, मानूस न्हाई आला. फोटो सुदिक नव्हता. मग पुजायचं काय?"

त्या उत्तरानं संगीन माझ्या लेखी कमी झाली नाही. बापाचा चेहराही न पाहिलेल्या आजोबांनी त्याच्या युद्धातली एक वस्तू शोधून, पैसे मोजून घरी आणली होती. कुठल्याही संग्रहालयातल्या आकडेवाल्या दुर्मीळ नमुन्यापेक्षा ती मला मोलाची वाटते.

मात्र तेव्हापासून एक गोष्ट सलते. पात्यावर राजाचं नाव आहे, कारखान्याचं आहे, महिना आहे, तपासनिसाची खूणदेखील आहे. ते हाती धरणाऱ्याचं नाव नाही. फार तर मुठीच्या टोकावर पलटणीची खूण आणि क्रमांक मिळतो. इराकमध्ये बसरा स्मारक आहे. तिथं ब्रिटिशांच्या जोडीनं हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची, पलटणीगणिक, नुसती संख्या. साताऱ्याकडच्या गावांत त्या युद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत, त्यांवरही किती गेले आणि किती मेले एवढेच आकडे. एका पात्याची कुंडली ज्यांनी इतक्या काटेकोरपणे ठेवली, त्यांना माणसांची नावं ठेवता आली असती. हे अक्षम्य आहे, आणि शंभर वर्षं उलटली म्हणून ते सौम्य होत नाही.

मी आता जमेल तशी पाती पाहते, अक्षरं वहीत उतरवते. आमच्या संगिनीच्या पानावर पणजोबांचं नाव, गाव आणि आत्यानं सांगितलेली हकिगत लिहिली आहे. ती त्यांची नव्हती, हेही लिहिलं आहे.

तुमच्या माळ्यावर, देव्हाऱ्यामागे, जुन्या ट्रंकेत अशी एखादी संगीन असेल तर तिला पॉलिश पेपर लावू नका, धारवाल्याकडे देऊ नका. पहिल्या घासण्यात तीच अक्षरं जातात. हलकं तेल लावा, मुठीजवळचा फोटो काढा. आणि घरातलं सर्वांत वृद्ध माणूस आहे तोवर ती कुणी आणली, कुठून आणली, कुणासाठी आणली, हे नावानिशी लिहून घ्या.