दांडा, मोटार आणि ते कुलूप!

तामलवाडीला कधी गेलात तर खांब बघा! साधे नाहीत हो, दोन खांब जोडीनं उभे असतात ना, तो डबल पोल! सोलापूरहून तुळजापूरला त्या रस्त्यानं मी इतक्या वेळा गेलोय, कोजागरीला गर्दीबरोबर पाय ओढत चालतसुद्धा गेलोय, आणि एकदाही मान वर केली नाही! आता मान खालीच येत नाही. बायको म्हणते, निदान गाडी चालवताना तरी समोर बघा.

आधीच सांगतो, मला विजेतलं ओ की ठो कळत नाही. घरचा एमसीबी पडला की मी शेजाऱ्यांना हाक मारतो. पण महामार्गालगत एका शेडच्या 11 के.व्ही. लाईनवर एबी स्विचला मोटार बसवायचं काम चाललं होतं आणि मी चहाचा ग्लास घेऊन बघत उभा राहिलो, आणि मग चहा गार झाला, आणि मग ग्लास कुठं ठेवला तेही आठवेना!

एबी स्विच! ऐकलं होतंत कधी? त्या डबल पोलवर तीन तारांना तीन पाती, तिन्ही एकाच आडव्या दांड्याला जोडलेली, आणि तिथून एक पाइप खाली थेट छातीच्या उंचीवर येतो, त्याला हँडल, हँडलला कुलूप. हँडल ओढलं की तिन्ही पाती एकदम उघडतात! आणि उघडलेली दिसतात! आपल्या डोळ्यांनी! मधे नुसती हवा!

आणि शिंगं! पात्यांना वाकडी शिंगं असतात! पाती सुटली तरी शिंगं क्षणभर टेकलेलीच राहतात, म्हणून ठिणगी पडते ती शिंगांवर, आणि मग ती तापलेल्या हवेबरोबर वर सरकते, ताणली जाते, ताणली जाते, आणि तुटते! जळायचं ते शिंगानं, पाती शाबूत! पण हे थोड्याशा करंटपुरतंच हं. भरल्या लोडवर एबी स्विच ओढायचा नाही, आधी उपकेंद्रातला ब्रेकर पाडायचा. "मोटार लावली म्हनून त्याचा ब्रेकर हुत न्हाई," वायरमनकाका म्हणाले, आणि मी मान डोलावली तर म्हणाले, "मान नका हलवू, म्हना!" मी म्हटलं!

बरं, मोटारीच्या पेटीत काय असावं? बॅटरी! तारेत 11 हजार व्होल्ट आणि पेटीत बॅटरी! मी हसलो. काका म्हणाले, "लाईट गेल्यावरच सुइच फिरवायची पाळी येती न्हवं?" अरे हो की! आणि बॅटरीशेजारी सिमकार्ड! म्हणजे खांबाला फोन करता येतो! लांब कुठं कंट्रोल रूममध्ये बसून हुकूम द्यायचा आणि इकडं पाइप गर्रकन फिरणार!

आणि नेमकी इथंच माझी पाचावर धारण बसली. वर माणूस काम करतोय आणि लांबून कुणी बटण दाबलं तर?

म्हणूनच तर ही सगळी गंमत आहे! मोटार फिरवायची कशी हे मला चटकन समजलं, ती फिरू द्यायची नाही कशी, यातच खरी कारागिरी! काम सुरू व्हायच्या आधी उपकेंद्रातून परमिट (2005 मध्ये वीज बोर्ड जाऊन महावितरण आली, पण काकांच्या तोंडी अजून "बोर्डाचं परमिट"). फिडर बंद, तिकडं कुलूप, पाटी. एवढं करूनही कुणी विश्वास ठेवत नाही! टेस्टरनं तिन्ही तारा तपासल्या, आणि मग अर्थिंग, तेही स्विचच्या दोन्ही बाजूंना! दोन्ही का? कारण पलीकडून कुणाचा जनरेटर उलटी वीज सोडू शकतो! आणि क्रमही ठरलेला: एक टोक आधी जमिनीला, मग दुसरं तारेला, काढताना बरोब्बर उलटं.

मग हातानं उघडझाप. पुन्हा. पुन्हा! पाती नीट बसतात का, पाइप कुठं अडतो का. मोटार अजून बाजूलाच! आणि मग ती जोडली तेव्हा पाती मुद्दाम अर्ध्यात ठेवली. का, सांगा बघू? वायरी उलट्या लागल्या असतील तर मोटार भलतीकडं फिरणार, आणि पाती आधीच टोकाला असली तर काहीतरी मोडणार! अर्ध्यात असली की थांबवायला सवड मिळते! मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वाजवल्याही.

त्यानंतर दोन्ही टोकांचे लिमिट स्विच. मोटार जरा आधी थांबली तर पाती अर्धवट टेकून तापणार, जरा पुढं गेली तर इन्सुलेटरवर ताण! काका स्क्रू किंचित फिरवत, वर बघत, पुन्हा फिरवत, आणि मी श्वास रोखून!

आणि ते कुलूप! पेटीत लोकल–रिमोटचा खटका. लोकलवर ठेवला की लांबचा हुकूम बंद. पण वर माणूस चढायचा असला की काका तेवढ्यावर थांबतात होय! मोटार आणि पाइप यांच्यामधली पिन काढली, मोटार वेगळी, आणि मग पाइपला कुलूप, आणि किल्ली स्वतःच्या खिशात! आता मोटार फिरली तरी एकटीच फिरेल, पाती जागची हलणार नाहीत!

अर्थिंग पेटीला वेगळं, हँडललाही. अमेरिकेत तर हँडल फिरवणारा लोखंडी जाळीवर उभा राहतो आणि जाळी हँडलला जोडलेली असते! लोखंडावर! मला वाटलं, हे काय आत्महत्येचं लक्षण! तर नाही, हात आणि पाय एकाच दाबावर राहिले की अंगातून करंट जायला कारणच उरत नाही! रात्री हे बायकोला समजावलं. ती झोपली होती.

आणि हो, निघताना काका सहज म्हणाले, "ह्ये तर 11 चं, 33 चा येगळाच, त्याच्याहून मोठा!" मोठा! कुठं आहे? रविवारी मोकळे आहात ना?